गोंदणाची जागा

डॉक्टरांनी जांभळ्या शाईने लिलाबाईच्या कपाळावर रेघ ओढली. एका कानशिलापासून भुवयांवरून दुसऱ्या कानशिलापर्यंत, मग केसांच्या कडेने परत. तिच्या लहानपणी आईने गोंदवलेला हिरवा ठिपका रेघेच्या आत आला.

तंबाखूच्या मिश्रीने तिच्या गालात आतून गाठ धरली होती. ती कापली की गालाला भोक पडणार. म्हणून कानापुढच्या रक्तवाहिनीवर जिवंत ठेवून कपाळाची कातडी खाली वळवायची आणि गालाला आतून अस्तर लावायचं. उघड्या कपाळावर मांडीची पातळ कातडी चिकटवायची. धुळ्यात चौऱ्याऐंशी साली हाच उपाय होता. लिलाबाईने सगळं ऐकून घेतलं.

"डाक्टरसाहेब, मनं गोंदन कोठे जाई?"

"तोंडात, मावशी. गालाच्या आत."

नणंद रुक्माबाई पदराने वारा घेत होती, ती थांबली. "नवरा जित्ता शे, अन् बाई बिनकुकूनी फिरी का?"

लिलाबाई उठून बसली. घरी चला, म्हणाली. तिचा नवरा तोताराम भिंतीला टेकून उभा होता, तो पुढे आला.

"अक्का, कुकू भाकरी थापस का? माले बाई जित्ती पायजे."

लिलाबाई पुन्हा आडवी झाली.

जखम भरली. बोलणं बोबडं झालं, पण भाकर दुधात कुस्करून गिळता येऊ लागली. कपाळ मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखं गुळगुळीत झालं. कुंकू त्यावर ठरेना, आग होई. तिने ते सोडलं आणि पदर भुवयांपर्यंत ओढू लागली. गावातल्या बाया हळदीकुंकवाला तिला टाळत. संध्याकाळी ओसरीवर तोताराम बॅटरी घेऊन बसे, तिला तोंड उघडायला लावी आणि आत डोकावे.

"शे. जागावरच शे," म्हणे.

ती हसे. हसताना गाल एकाच बाजूला वर जाई.

दुसऱ्या उन्हाळ्यात कपाशीचं रान नांगरताना तोताराम छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

तिसऱ्या प्रहरी बाया जमल्या. बांगड्या फुटल्या. कुंकू पुसायला रुक्माबाईने हात ओला करून तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला, आणि हात तिथेच थांबला. मनगटावरून पाणी ओघळत राहिलं. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या.

लिलाबाईने ओठ घट्ट मिटले होते. आत जीभ गोंदणाच्या जागेवर टेकली होती. आणलेल्या कातडीला स्पर्श कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जिभेला कळत होता.

कोनाड्यात बॅटरी होती.