इकाम्यापुरती

मुंबईचं विमान उतरून बराच वेळ झाला होता, तरी उर्वी बाहेर आली नव्हती. कुवेत विमानतळाच्या आगमनाच्या दारासमोर चंद्रहास कठड्याला टेकून उभा होता. व्हीलचेअरवरच्या म्हाताऱ्या बायका येऊन गेल्या, एकसारख्या टोप्या घातलेले नवे मजूर येऊन गेले. शेवटी विमानातला स्टाफही बॅगा ओढत निघून गेला.

"थांबवलं असेल रे तिला," तो म्हणाला.

"कशाला थांबवतील? सामान आलं नसेल," ओंकार म्हणाला. "सतरा वर्षांची पोरगी, इथेच लहानाची मोठी झालेली. येईल."

ओंकार त्याचा कंपनीतला मित्र. दोघेही मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत काम करणाऱ्या एका ठेकेदार कंपनीत इंजिनिअर, दोघेही मंगफला राहणारे. चंद्रहासची गाडी गॅरेजात अडकली होती, म्हणून शुक्रवारच्या सुट्टीची झोप मोडून ओंकार आपली गाडी घेऊन आला होता.

मागच्या जूनमध्ये चंद्रहासची बायको लीना उर्वीला घेऊन पुण्याला गेली, मेडिकलच्या क्लाससाठी. ओंकारची दोन्ही मुलं तर पहिल्यापासून नाशकात, त्यांच्या आईजवळ. कंपनी मुलांचा भत्ता द्यायची, पण कुवेतमध्ये आईबापाजवळ राहणाऱ्या मुलांसाठीच. ओंकारने कंपनीला दर वर्षी द्यायच्या माहितीत खरं लिहिलं आणि त्याला कधी काही मिळालं नाही. या वर्षी तो उसळला. "माझी पोरं नाशकात राहतात म्हणून काय जेवत नाहीत? त्यांना फी नाही?" असं म्हणत त्याने व्यवस्थापनाला अर्ज लिहिला आणि दारोदार फिरून सह्या घेतल्या. त्या अर्जाखाली पहिली सही चंद्रहासची होती.

चंद्रहासने स्वतःच्या माहितीत मात्र 'मुलगी माझ्याजवळ राहते' असंच लिहिलं होतं. हे ओंकारला ठाऊक नव्हतं. कंपनी इकामा तेवढा बघायची, म्हणजे इथे राहण्याचा परवाना. आणि माणूस सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिला की इकामा आपोआप रद्द होतो. म्हणून डिसेंबरात मायलेकी आठवडाभर येऊन गेल्या होत्या. तेव्हापासूनचे सहा महिने उद्या संपत होते. या वेळी लीनाला सुट्टी मिळेना, म्हणून उर्वी एकटीच निघाली. "बाबा एकटे पडलेत गं, चार दिवस जाऊन ये," असं सांगून लीनाने तिला पाठवलं होतं. त्यासाठी क्लासची एक मोठी चाचणी बुडणार होती, म्हणून ती फुरंगटूनच विमानात बसली होती.

चंद्रहासने पुन्हा फोन लावला. उर्वीचा फोन बिझी. लीनाला लावला, तोही बिझी.

"दोघींचे फोन एकदम बिझी कसे?"

"एकमेकींशी बोलत असतील," ओंकार म्हणाला. "तू इतका घाबरलायस कशाला? इकामा चालू आहे ना तिचा?"

"आहे की. उद्यापर्यंत आहे."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. ओंकारने हातातला चहाचा कप खाली केला.

"उद्यापर्यंत? म्हणजे मुदत बघून बोलावलंस तिला?"

"तसं नाही रे..."

"ती तिथेच शिकणार, तिथेच डॉक्टर होणार, असं तूच सांगत असतोस. मग इकामा जिवंत ठेवून काय करायचंय?" ओंकार त्याच्याकडे बघत राहिला. "चंद्रा, तुला भत्ता मिळतो?"

चंद्रहास दाराकडे बघत राहिला. काचेचं दार सरकलं. एक सफाईवाला बाहेर आला आणि दार पुन्हा मिटलं.

"तू माझ्या अर्जावर सही केलीस," ओंकार हळू आवाजात म्हणाला. "माझ्या घरी बसून."

तेवढ्यात फोन वाजला. उर्वीचा.

"कुठे आहेस तू? कोणी थांबवलंय का?"

"नोबडी. मी बेल्टपाशी बसलेय. बॅग कधीच मिळाली."

"मग बाहेर ये ना बाळा!"

"पासपोर्टच्या काउंटरवरचा माणूस हसला, बाबा. म्हणाला, यू आर लकी, टुमॉरो फिनिश. मला काही कळेना. म्हणून आईला फोन केला. आधी ती काही सांगेना, मग रडायला लागली आणि सगळं सांगितलं." उर्वीचा आवाज एकदम सपाट होता. "शिक्का बसलाय माझा. झालं ना काम? मग मी परतीच्या फ्लाइटने जाऊ? मंडेला फिजिक्सचा पेपर आहे."

"उर्वी, असं नाही गं. मला खरंच तुझी..."

"प्लीज, ते नको. आईनेही तेच सांगितलं होतं. एकच सांग. तू कंपनीला लिहून दिलंयस ना, मी तुझ्याजवळ राहते असं?"

ओंकार दोन हात अंतरावर उभा होता. चंद्रहासला वाटलं, बाजूला जावं, आवाज दाबून बोलावं. पण बाजूला जाऊन तरी काय सांगणार होता तो?

"हो," तो म्हणाला. "लिहून दिलंय. दोनदा. तू पुण्यात राहतेस आणि मी खोटं लिहिलंय. तुझ्या क्लासची फी त्यातून जाते, म्हणून लिहिलं. तुला विचारलं नाही, सांगितलंही नाही."

पलीकडे एक अरबी घोषणा सुरू झाली.

"ओके," उर्वी म्हणाली आणि फोन बंद झाला.

ती येते की नाही, याचा त्याला काही अंदाज येईना. ओंकार गाडीकडे निघून जाईल असं वाटलं, पण तोही जागचा हलला नाही.

ती आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. चंद्रहासने बॅग घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. "हाय, ओंकारकाका," एवढंच ती म्हणाली.

बाहेर धुळीने आभाळ पिवळं झालं होतं. मंगफपर्यंत उर्वी मागच्या सीटवर बॅग जवळ धरून बसली. घरासमोर उर्वी उतरून लिफ्टकडे गेली तसा ओंकार म्हणाला, "अर्जातून तुझं नाव काढतोय. उद्या हे उघड झालं तर म्हणतील, सगळे असलेच. माझ्या पोरांचा हक्क तुझ्यापायी बुडायला नको."

"मी स्वतःच जाऊन सांगतो."

"ते तुझं तू बघ. माझ्यासाठी म्हणून करू नकोस."

संध्याकाळी लीनाचा फोन आला. तो कंपनीला सांगणार हे ऐकून ती भडकलीच. "आणि क्लास? तो कशातून भरायचा? नोकरी गेली तर?"

"गेली तर गेली, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही," चंद्रहास म्हणाला. "पण तिला पुन्हा असं बोलावायची हिंमतही नाही."

रविवारी तो एचआरच्या मॅनेजरबाईंसमोर बसला. त्याने सगळं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "आम्ही पकडायच्या आधी कशाला आलात?" नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली आणि घेतलेला भत्ता पगारातून कापला जाऊ लागला. उर्वी ठरल्या दिवशी पुण्याला परतली आणि लीनाने तिथे शिकवण्या धरल्या. ओंकार सकाळी दुसऱ्या कुणाबरोबर कामावर जाऊ लागला.

दिवाळीनंतर कंपनीने तो अर्ज मान्य केला. मूल कुठेही राहो, शाळेचा दाखला द्या, भत्ता घ्या. चंद्रहासला मात्र दोन वर्षं त्यातून वगळलं होतं. अभिनंदन करायला तो ओंकारच्या टेबलापाशी गेला. ओंकारने हात मिळवला, पण बसायला सांगितलं नाही.

त्याने तिला पुन्हा बोलावलं नाही, आणि डिसेंबरात उर्वीचा इकामा संपला. त्याने रात्रीच्या जेवणाआधी तिला फोन करून सांगितलं. कुवेतच्या हॉस्पिटलातच तिचा जन्म झाला होता.

"मग आता मी आले तर व्हिजिटर?" तिने विचारलं.

"हो. व्हिसा काढावा लागेल."

"काढशील?"

"काढीन. तुझी परीक्षा झाली की लगेच."

"परीक्षा झाली की नको," उर्वी म्हणाली. "मला यावंसं वाटेल तेव्हा."

"चालेल," तो म्हणाला.