पेशंटबरोबर कोण आहे?

"नामगुंग यूनचे नातेवाईक कोण?"

नर्सने दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माल्सुनबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या एका हातात यूनचा कोट होता, दुसऱ्या हातात त्याचे बूट.

"तुम्ही आई का?"

"नाही. सोबतीला आलेय. कंपनीतून."

"अच्छा, भाड्याच्या." नर्स हे वाईट अर्थाने म्हणाली नाही. सोलमधल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात अशा बायका रोज दिसतात. "मग घरचं कोणीतरी बोलावून घ्या. आणि लवकर."

सकाळी निघताना काम साधं होतं. यूनचं पोट महिनाभर दुखत होतं. आतडं आतून तपासायचं होतं. त्यासाठी गुंगी देतात, आणि एकट्या आलेल्या माणसाला ती कोणी देत नाही. म्हणून जेवण मागवावं तशीच यूनने फोनवरून सोबत मागवली, आणि दारात त्रेसष्ट वर्षांच्या माल्सुनबाई छत्री घेऊन उभ्या राहिल्या. गुंगी उतरली की त्याला घरी पोचवायचं, भाताची पेज गरम करून द्यायची आणि निघायचं. पण नळी मध्येच अडली. आतड्यात गाठ होती, वाट बंद झाली होती आणि दुपारपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं. डॉक्टर म्हणाले, उद्यावर टाकता येणार नाही.

पडद्याआड यून खाटेवर पडला होता. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, पण चेहरा घामाने अगदी पोरासारखा झाला होता.

"मावशी, त्यांना सांगा ना, सही मी करतो. पोट माझं, पैसे माझे."

"सही तुमचीच घेतलीय. बाहेर बसायला घरचं माणूस हवंय म्हणतात. आत काही कमी-जास्त झालं तर विचारायचं कोणाला?"

"मला विचारायचं."

"तुम्ही भूल घेऊन आडवे पडलेले असणार."

यून हसायला गेला आणि पोट धरून थांबला.

सकाळी टॅक्सीत तो किती बोलत होता. एकट्या माणसांसाठी वस्तू बनवणाऱ्या कंपनीत तो विक्रीचं बघायचा. एका वाटीचा भात शिजवणारा कुकर, पाव कोबीचं किमची लोणचं, एकाच माणसापुरतं कलिंगड. "देशातल्या तीन घरांतलं एक घर एकट्याचं आहे, मावशी. कुठल्याही दुकानात जा, माझ्यासाठी काहीतरी वेगळं काढून ठेवलेलं असतं."

"आमच्या वेळी एकटं माणूस मटण भाजायला बसलं की हॉटेलवाला दोघांची ऑर्डर दिल्याशिवाय शेगडी पेटवायचा नाही," माल्सुनबाई म्हणाल्या होत्या.

"आता वेगळी खोली देतो. दार लावून घ्यायचं, निवांत खायचं."

"आणि शेगडीवरचं मटण उलटून कोण देतं?"

"आपणच," असं म्हणून तो मनापासून हसला होता.

आता त्याने फोन त्यांच्यासमोर धरला. मोठा भाऊ कॅनडात, व्हँकूवरला होता. तिथे रात्र होती आणि फोन नुसताच वाजत होता.

"मित्र?"

"आहेत की. पुष्कळ आहेत." त्याने फोन उशीखाली सारला. "पण पोटाचं सांगावं इतकं कोणी नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्हीच सांगा ना, मी मावशी म्हणून. सकाळपासून मावशीच म्हणतोय."

"मला भाजीवालाही मावशी म्हणतो."

"वरचे पैसे देईन मी."

"गप्प पडून राहा," माल्सुनबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी त्यांचा फोन वाजला. त्या पडद्याबाहेर आल्या.

मॅनेजर थाक बोलत होते. "बाई, तुमची वेळ संपली. त्याचं सामान नर्सकडे द्या आणि निघा."

"त्याला एकट्याला टाकून?"

"हॉस्पिटलमध्ये कोण एकटं असतं? आणि एक ऐका. नातं लावायच्या भानगडीत पडू नका. गेल्या वर्षी एकीने लावलं. पेशंट गेला आणि कधी न दिसलेले पुतणे कोर्टात उभे राहिले. कंपनीने त्या बाईला ओळखसुद्धा दाखवली नाही. कळलं ना?"

"कळलं."

खरंच कळलं होतं. या नोकरीआधी चार वर्षं त्यांनी ऑफिसांचे जिने पुसले होते, आणि गुडघे त्या जिन्यांवरच ठेवून आल्या होत्या. या वयाला बसून करायचं दुसरं काम कोण देतं? तळघरातल्या खोलीचं भाडं याच कामातून जात होतं.

पडद्याआड यून कण्हला. बाहेर कोणी ऐकू नये म्हणून तोंड दाबून कण्हावं तसा आवाज होता तो.

नर्स तिसऱ्यांदा आली. तिच्यामागे भूल देणारा तरुण डॉक्टर होता आणि तो सारखा घड्याळ बघत होता. "थिएटर मिळालंय. आता नाही नेलं तर विष अंगात भिनेल. आलं का घरचं कोणी?"

"मी आहे," माल्सुनबाई म्हणाल्या. "मी मावशी त्याची."

"मघाशी तर कंपनीतून म्हणालात."

"कंपनीत कामाला आहे मी. पण मावशीही आहे. त्याच्या आईची धाकटी बहीण. ती गेल्यापासून मीच बघते."

उभ्या आयुष्यात एवढं सलग खोटं त्या बोलल्या नव्हत्या. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या बुटांकडे पाहिलं. खरं काय ते तिला समजलं असावं. तिने खाटेचा ब्रेक काढला.

बाहेर बाकावर त्या यूनचा कोट आणि बूट मांडीवर घेऊन बसल्या. गेला तर? व्हँकूवरचा भाऊ येऊन विचारेल, तू कोण? त्यांनी डोळे मिटले. डोंगरावरच्या मठात एक म्हातारे भिक्षू छोटी झांज वाजवत, गात गात निरूपण करतात. आईने पोटात पोर कसं वाढवलं, महिन्यामागून महिना, ते असं सांगतात की पुरुषही डोळे पुसतात. गुडघे धड होते तोवर माल्सुनबाई दर पौर्णिमेला त्यासाठी तो डोंगर चढायच्या. आता तीच चाल त्यांनी ओठांतल्या ओठांत धरली. शब्द आठवेनात, तर नुसत्या सुरावर राहिल्या. शेजारच्या माणसाने एकदा वळून पाहिलं आणि मग तोही मान खाली घालून ऐकत बसला.

सर्जन बाहेर आले तेव्हा खिडकीत दिवे लागले होते.

"मावशी ना तुम्ही? बसा." त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली. "गाठ काढली. ऑपरेशन त्याने चांगलं सोसलं. पण गाठ दिसायला चांगली नाही. लिव्हरवरही डाग आहेत. तपासणीचा रिपोर्ट येऊ दे, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा. त्याला आम्ही उद्या सांगू. घरच्यांना आधी सांगतो."

"हो," माल्सुनबाई म्हणाल्या. एवढी मोठी गोष्ट त्यांच्या ओटीत टाकून डॉक्टर निघूनही गेले.

फोनवर थाकचा निरोप येऊन पडला होता. हॉस्पिटलमधून कंपनीकडे विचारणा झाली होती, ही मावशी खरी का म्हणून. माल्सुनबाईंची उद्याची कामं दुसरीला दिली होती आणि परवा ऑफिसात येऊन भेटायचं होतं. त्यांनी तो वाचला आणि वॉर्डाकडे निघाल्या.

"दोन तास झोपू देऊ नका," वॉर्डातली नर्स म्हणाली. "खोल श्वास घ्यायला लावा, नाहीतर कफ धरेल. पाणी बिलकूल नाही. ओठ तेवढे ओले करा."

यूनने डोळे किलकिले केले. "मावशी? तुम्ही अजून इथेच?"

"इथेच आहे. डोळे मिटू नका. श्वास घ्या."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ऑपरेशन नीट झालं म्हणाले."

"आणि?"

"आणि श्वास घ्यायला लावा म्हणाले."

तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. गिऱ्हाईक तोंडाने सांगत नाही ते ओळखण्याचीच तर त्याची नोकरी होती.

"सांगताना तुम्हाला बसायला खुर्ची दिली?"

माल्सुनबाईंनी वाटीतल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवला, पिळला, पुन्हा बुडवला. मग त्याच्या ओठांवरून हळूच फिरवला. यूनने डोळे मिटले. डोळ्याच्या कडेने पाणी ओघळून कानापर्यंत गेलं. त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली.

"झोपायचं नाही."

"झोपत नाहीये." डोळे उघडून तो म्हणाला, "माझ्या आईला बहीण नव्हती, मावशी."

"नसू दे. श्वास घ्या."

त्याने घेतला. टाक्यांतून कळ आली आणि तो अर्ध्यावर अडकला. आत धरलेला त्याला सोडवेना. म्हणून माल्सुनबाईंनी त्याच्यावर वाकून आधी आपला सोडून दाखवला. मग त्याने सोडला. पुढचा दोघांनी मिळून घेतला.