बर्फाचे टायर आणि अल खोरचा रस्ता

मी एक जुनी जर्मन गाडी आहे. गाडी म्हणायचं ते आता सवयीनं. पुढचं अर्धं अंग चेपलंय आणि दोह्याबाहेर भंगाराच्या आवारात मी उन्हात पडून आहे. मित्रांनो, जिच्यात बसलेलं माणूस गेलं, तिनं खरं तर तोंड मिटून पडावं. पण मला राहवत नाही.

माझी पहिली मालकीण जर्मनीत दातांची डॉक्टर होती. तिकडे मोठ्या रस्त्यांवर काही टप्पे असे असतात, की वेगाला मर्यादाच नाही. तिरक्या काळ्या रेघांची गोल पांढरी पाटी दिसली, की बाई अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबायच्या आणि मी दोनशेच्या वर जायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पण बाई भारी काटेकोर. रस्ता कोरडा आणि मोकळा असेल तरच पळवायच्या. पुढच्या गाडीला मागे टाकलं की लगेच उजव्या पट्टीत परत. दर पंधरवड्याला टायरची हवा बघायची. ऑक्टोबरात बर्फाचे टायर चढवायचे, ईस्टरला उतरवायचे. बर्फाच्या टायरचं रबर मऊ असतं, वेगात ते तापतं. म्हणून थंडीत वेगाच्या काट्याशेजारी एक चिठ्ठी चिकटलेली असे, १९० आकड्याची. याच्या पुढे जायचं नाही, एवढाच तिचा अर्थ.

जानेवारीत बाईंनी मला विकलं. मी जहाजातून कतारला उतरले ती बर्फाच्या टायरांवरच.

इथे मला सदानंदनं घेतलं. मूळचा नाशिकचा, रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनीअर. कंपनीनं त्याला तीन महिने ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं होतं. तिथे भाड्याची गाडी पळवून आल्यापासून त्याला दुसरा विषयच नव्हता. प्लांटवर हा माणूस हेल्मेटशिवाय एक पायरी चढायचा नाही, कामगारांना सेफ्टीचे धडे द्यायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पहिल्याच दिवशी त्यानं ती चिठ्ठी नखानं खरवडली. "आदल्या मालकाचा कचरा," म्हणाला.

इंडस्ट्रियल एरियात मुदस्सिर नावाच्या मेकॅनिकनं मला तपासलं. टायरवर हात फिरवून तो म्हणाला, "साहब, ये बर्फवाला टायर है. गर्मी में नहीं चलेगा, बदल डालो."

"अरे, नक्षी बघ किती खोल आहे. नवे कोरे टायर कोण फेकून देतं?" सदानंद बायकोकडे वळून मराठीत म्हणाला.

मालविका, म्हणजे त्याची बायको, तेव्हापासून त्याच्या मागे लागली. टायर बदल, टायर बदल. तो दर आठवड्याला "पुढच्या शुक्रवारी" म्हणे. शेवटी तिनंच मुदस्सिरला फोन करून शनिवारची वेळ घेतली.

आदला दिवस शुक्रवार होता. जुलै महिना, सकाळीच चटके बसत होते. तिघं अल खोरला समुद्रावर निघाले. मागच्या सीटवर अकरा वर्षांची चैत्राली होती. इथे मर्यादा एकशेवीसची. सदानंद कॅमेरा आला की निमूट एकशेवीसवर यायचा आणि कॅमेरा मागे पडला की पुन्हा पाय दाबायचा. त्या दिवशी तो लेकीला म्हणाला, "थांब, जर्मनीत कसं जातात ते दाखवतो."

"बाबा, प्लीज स्लो डाऊन."

"सदानंद, पोरगी घाबरलीय."

"अगं, ही गाडी बनलीच आहे यासाठी."

काटा दोनशेपाचवर होता. माझं स्टिअरिंग थरथरत होतं. मी दुसरं काय करणार, मला तेवढंच सांगता येतं. मग मागचा उजवा टायर फुटला. मी कठड्यावर आदळले ती मालविकाच्या बाजूनं. ती तिथेच गेली.

बाईंच्या रस्त्यांना मर्यादा नव्हती, पण बाईंना होती. हे मला कळत होतं आणि त्याला सांगता येत नव्हतं. 

चैत्राली आता नाशिकला आसावरी मावशीकडे असते. सदानंद एकदाच इथे आला, माझी कागदपत्रं न्यायला. कागद हातात घेऊन तो माझ्या दाराशी मातीत बसला आणि आवाराच्या रखवालदाराला, शफीकला, म्हणाला, "बेटी फोन नहीं उठाती." शफीकनं त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं ती उघडली नाही.

मित्रांनो, शेवटी मी तुम्हाला काही सांगावं अशी रीत आहे. वडील जोरात हाकत असतील तर त्यांना थांबवा, असं म्हणणार होते. पण चैत्रालीनं सांगितलं होतं. मालविकानं, मुदस्सिरनंही सांगितलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगू? तरी सांगते, कारण गप्प बसवत नाही. टायर बघा. चिठ्ठी वाचा. कुणी घाबरून "हळू" म्हणालं तर त्याच क्षणी पाय उचला.

काल एक गृहस्थ आले होते. माझे उरलेले तीन टायर त्यांनी वाकून बघितले, नक्षीत बोट घालून बघितलं आणि खूश झाले. शफीकनं ते काढून दिले.

"फॅमिली की गाडी है," ते त्याला म्हणाले, "टायर अच्छा होना."