चौथ्या डिस्कवरचं शेवटचं गाणं

व्हर्ना टॅकेट काय गायली नाही ते विचारा. दारूच्या गुत्त्यातली रडकी गाणी, चर्चमधली भजनं, नाचाची, खाणकामगारांची; एका नाताळात तर पोरांसाठी कोंबडीसारखी ओरडलीसुद्धा. त्यातलं निम्मं आधी मी गायले होते. नॅशव्हिलमध्ये माझा धंदाच तो. गाणं लिहिणारे ते मोठ्या गायिकेला विकण्याआधी नमुन्याची टेप करायला मला बोलवायचे, "नदीन, व्हर्नासारखं म्हण," म्हणायचे आणि मी म्हणायचे. टेपच्या डब्यावर नाव पडायचं ते ज्या गायिकेला ती ऐकवायची तिचं. व्हर्नाला पसंत पडलं की ती गायची, रेकॉर्ड निघायची आणि माझा नमुना कचऱ्यात जायचा. तीस वर्षं मी तिच्या सगळ्या आवाजांत गायले. माझा स्वतःचा आवाज कसा आहे, देव जाणे.

यंदा रेकॉर्ड कंपनीने व्हर्नाच्या पन्नास वर्षांच्या गाण्यांचा संच काढायचं ठरवलं. चार डिस्क, साठ गाणी. तो जमवणारा कोल्बी नावाचा पोरगा मला आठवणी विचारायला आला आणि जाताना कच्चा संच ठेवून गेला. मी ओट्यापाशी मक्याच्या पावाचं पीठ कालवत ऐकत बसले. चौथ्या डिस्कच्या शेवटी व्हर्नाचं आजवर कुणीच न ऐकलेलं गाणं आहे, असं कोल्बी मोठ्या कौतुकाने सांगून गेला होता.

ते माझं होतं. एकाहत्तर साली गायलेलं. दुसऱ्या ओळीत मधेच दम घेतलाय, कारण माझी ग्लेंडा तेव्हा सात महिन्यांची पोटात होती आणि नेमकी तिथेच तिने लाथ मारली. डब्यावर व्हर्नाचं नाव बघून या शहाण्यांनी ते तिच्या खात्यात टाकलं होतं.

पिठाच्या हातानेच मी टल्साला ग्लेंडाला फोन लावला. ही मुलगी लहानपणापासून विचारायची, "आई, तू गायचीस ना, मग तुझी रेकॉर्ड कुठंय?" तिला म्हटलं, "संच निघाला की चौथ्या डिस्कचं शेवटचं गाणं लाव. मी आहे. मधे दम घेतलाय, तो तुझ्यामुळे." पोरगी किंचाळली. मला रडू आवरेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण त्या दिवशी मला नाव हवं होतं. संचाबरोबरच्या पुस्तिकेत, बारीक अक्षरात का होईना.

म्हणून गुरुवारी कोल्बीला घेऊन व्हर्नाकडे गेले. ती आता चाकाच्या खुर्चीत असते, पण कान तसेच तिखट. गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसली.

"ही मी नाही," म्हणाली. "मी असा मधेच दम घेतला असता तर बँडवाल्यांनी मला बाहेर काढलं असतं. ही नदीन."

"बघ!" मी कोल्बीला म्हटलं.

"अगं, हे गाणं मी का नाकारलं, सांगू? तू त्यात माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस. ऐकलं आणि तुझा असा राग आला होता, भवाने!"

पन्नास वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिचा हात धरला. कोल्बी मात्र वही मिटत होता.

"सॉरी, मॅम. मग हे काढावं लागेल."

"काढावं? अरे, खाली तिचं नाव घाल की!" व्हर्ना म्हणाली.

"संच तुमच्या गाण्यांचा आहे, मॅम. दुसऱ्या कुणाचं कसं घालणार? वकील ऐकणार नाहीत."

"मग व्हर्नाच्याच नावावर राहू दे," मी म्हटलं. "मी काही बोललेच नाही असं समज, बाळा. मी आपली एक म्हातारी, काहीबाही बरळते."

"आता मला माहीत झालंय ना, मॅम."

मी व्हर्नाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. "खोटं मला नाही गं बोलता येत, नदीन," एवढंच म्हणाली. जाताना मी माझ्याच जिभेला शिव्या घातल्या. गप्प बसले असते तर निदान आवाज राहिला असता. गाणं काढलं हे ग्लेंडाला मात्र कळवलं नाही. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे.

संच निघाला. शेवटच्या जागी त्यांनी व्हर्नाचं एक भजन टाकलं होतं, साठ सालचं. भजन चांगलंय, खोटं कशाला बोलू. रविवारी चर्चहून येऊन मी टोपी काढतेय तोच ग्लेंडाचा फोन.

"आई, ऐकलं गं! गाडी कडेला लावून ऐकलं. पुस्तिका अजून उघडलीसुद्धा नाही. तुझा आवाज मी कुठेही ओळखला असता." ती रडत होती. "आणि तो दम. दुसऱ्या ओळीत. ऐकू आला मला. मीच ना ती?"

त्या भजनात व्हर्नाने कुठेही दम घेतलेला नाही.

"हो गं बाळा," मी म्हटलं. "तूच."