बाप दिसत नाही

मास्तरांना जीवनगौरव पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर त्यांना कोणी काम देईना.

पुरस्काराच्या दिवशी सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं. टाळ्या थांबत नव्हत्या. घरी परतताना मात्र मास्तर गाडीत बायकोला म्हणाले, "अगं, हा मानाने दिलेला नारळ आहे."

"चांगल्या दिवशी तरी कुजकं बोलू नका," बायको म्हणाली.

पण मास्तरांचंच खरं ठरलं. ज्याच्या जीवनाचा गौरव होऊन गेला, त्याच्या हातात पुन्हा कॅमेरा कोण देणार? निर्माते भेटायचे, हात हातात घ्यायचे, जुन्या चित्रपटांच्या आठवणी काढायचे, आणि मास्तरांनी नव्या पटकथेचा विषय काढला की घड्याळाकडे बघायचे. अशी सात वर्षं गेली.

मास्तर हे नाव त्यांना सेटवर पडलं होतं. पहिल्या चित्रपटाच्या वेळी ते खिशात खडू घेऊन फिरायचे आणि नटाने कुठे थांबायचं, कुठे वळायचं, हे फरशीवर आखून द्यायचे. तो चित्रपट सपशेल आपटला. दुसऱ्याला परदेशातल्या एका महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, आणि मग तेच लोक पहिल्यालाही काळाच्या पुढचा म्हणू लागले. पुढे सगळे मिळून चौदा चित्रपट झाले. सगळे मास्तरांनी स्वतःच लिहिले. पुरस्कार एवढे जमले की बायकोने सांगून टाकलं, "धूळ तुम्ही पुसणार असाल तर बाहेर ठेवा." तेव्हापासून ते सगळे पलंगाखालच्या पेटीत होते. सगळे दिग्दर्शनाचे. लेखनासाठी त्यांना कोणी कधी बक्षीस दिलं नव्हतं, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नव्हतं. लेखन म्हणजे त्यांच्या लेखी भाजी निवडणं. खरा स्वयंपाक सेटवर.

आठव्या वर्षी एक निर्माती भेटली. तिने पटकथा खरोखरच वाचली होती. गोष्ट साधी होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक म्हातारा, त्याची एकुलती एक मुलगी, आणि ती कायमची परदेशी निघालेली. निर्माती म्हणाली, "करू या. पण विमा कंपनीची एक अट आहे."

"कसली अट?"

निर्माती जरा चाचरली. "तुमचं वय बघता, एक राखीव दिग्दर्शक लागेल. शूटिंगभर हजर राहणारा. तुम्हाला काही झालं तर..."

"मेलो तर."

"आजारी पडलात तर."

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा चित्रपट केलेल्या माणसाच्या मागे राखीव माणूस! ते दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आता पुरे. कोण चालेल तेवढं सांगा."

चालण्यासारखं एकच माणूस होतं. धाकटी.

धाकटी त्यांच्या चौथ्या चित्रपटाला साहाय्यक म्हणून आली, तेव्हा सगळ्या तुकडीत वयाने लहान होती. आता तिची पन्नाशी उलटली होती. स्वतःचे सहा चित्रपट झाले होते, त्यातले दोन धो धो चालले होते, केस पांढरे झाले होते, तरी नाव धाकटीच राहिलं. मास्तरांनी फोन केला आणि आढेवेढे न घेता सांगितलं, "माझ्या मरणाची वाट बघत खुर्चीवर बसायचं काम आहे. येतेस का?"

"येते की," धाकटी म्हणाली. "खुर्ची पाठीला बरी असलेली द्या म्हणजे झालं."

तिने शब्द पाळला. रोज सेटवर यायची, कोपऱ्यात बसायची, स्वेटर विणायची. मास्तर एखादा शॉट घेऊन तिच्याकडे बघायचे. ती टाके मोजत असायची. एकदा त्यांच्याने राहवेना. "कसा झाला?" त्यांनी विचारलं. "मी राखीव आहे, मास्तर," ती म्हणाली. "मला मत नसतं." मास्तरांना तिचा राग आला आणि बरंही वाटलं.

शेवटच्या आठवड्यात घोडं अडलं. मास्तरांना आधी खोकला झाला, मग ताप चढला. छातीत कफ भरलाय म्हणून डॉक्टरांनी त्यांना सरळ दवाखान्यात ठेवून घेतलं. आणि राहिला होता नेमका तोच प्रसंग, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप. मुलगी सामान घेऊन लिफ्टमध्ये शिरते. वीज जाते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. बाप गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जातो आणि हाताने चाक फिरवत, इंच इंच करत, मुलीला खाली उतरवतो. तिला अडवायचं त्याच्या हातात असतं, आणि तो तिला उतरवतो.

ती जुनी इमारत शनिवारपर्यंतच मिळालेली होती. मुलीचं काम करणारी नटी रविवारी दुसऱ्या चित्रपटाला जाणार होती. थांबणं शक्यच नव्हतं.

मास्तरांनी नाकातली प्राणवायूची नळी बाजूला सारत धाकटीला फोनवर सगळं समजावलं. "यंत्राची खोली. कॅमेरा नटाच्या चेहऱ्यावर. चाक फिरवताना त्याचं तोंड बघत राहायचं, मधे तोडायचं नाही. तो चाळीस वर्षांचा मुरलेला नट आहे. त्याच्या चेहऱ्यावर सगळं येईल. कळलं?"

"कळलं."

"स्वतःची अक्कल चालवू नकोस."

"बरं," धाकटी म्हणाली.

दहा दिवसांनी मास्तर काठी टेकत संकलनाच्या खोलीत आले. अंधारी, गार खोली; दोन पडदे; संकलक नेहमीसारखा अबोल. त्याने बापाचा चेहरा असलेला शॉट लावला. नटाने कमाल केली होती. घाम, थरथरते ओठ, डोळ्यांच्या कडेला साचलेलं पाणी. मास्तरांनी समाधानाने मान हलवली. "झालं. हेच लाव."

संकलक खुर्चीत चुळबुळला. "आणखी एक आहे. बाईंनी तुमचा शॉट झाल्यावर घेतलाय."

"लाव."

दुसऱ्या शॉटमध्ये बाप नव्हताच. कॅमेरा लिफ्टमध्ये होता, मुलीच्या शेजारी, अंधारात. तिच्या पायाशी दोन बॅगा. वरून बापाचा आवाज आला, "उतरवतोय गं. घाबरू नकोस." एक धक्का. जाळीच्या दाराबाहेरून मजल्याची कड हळूहळू वर सरकली. पुन्हा धक्का. "आहेस ना?" "आहे, बाबा." आणखी एक मजला वर गेला. बापाचा आवाज दर खेपेला थोडा लांबून येत होता. मुलगी वर बघत होती, आणि वर फक्त छत होतं. शेवटी तळमजला आला. बापाने वरून विचारलं, "पोचलीस का?" मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तिला आवाज फुटला नाही. दोन बॅगा उचलून ती बाहेर पडली. वरून पुन्हा हाक आली, "पोचलीस का गं?" रिकामी लिफ्ट तशीच उभी.

मास्तर उठून बाहेर गेले. पाण्याचा पेला भरला आणि न पिताच ठेवला. हा शॉट त्यांच्या शॉटपेक्षा चांगला होता. पहिला मजला वर सरकला तेव्हाच त्यांना ते कळलं होतं. ऐंशीला टेकलेल्या माणसाने यावर रागवावं की काय करावं? त्यांनी रागवायचं ठरवलं, कारण ते जास्त सवयीचं होतं.

धाकटी संध्याकाळी त्यांच्या घरी आली. मास्तर तयारीतच बसले होते.

"मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही सांगितलेलं केलं की. नीट केलं. बघितलंत ना?"

"मग तो दुसरा शॉट कुणाला विचारून घेतलास?"

"तुम्हालाच," धाकटी म्हणाली आणि पाठ असल्यासारखं म्हणून दाखवलं, "‘आपण लिफ्टमध्येच आहोत. बाप दिसत नाही. फक्त आवाज येतो, आणि मजले वर जातात.’ हे कुणी लिहिलंय?"

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. लिहिलं त्यांनीच होतं. तीन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी.

"ते लिहिताना मला काय माहीत, एवढा मोठा नट मिळणार आहे!" ते शेवटी म्हणाले. "असा चेहरा हाताशी असताना तो दाखवायचा नाही?"

"तेच तर. लिहिणाऱ्याला बरोबर दिसलं होतं. दिग्दर्शकाला चेहऱ्याने भुरळ घातली." धाकटीचा आवाज मऊ झाला. "रागावू नका मास्तर, पण मी तुमच्याकडे आठ वर्षं होते. सेटवर तुम्ही पहिलं काम काय करायचात, तर पटकथेवर काट मारायचं. मी ती पानं रात्री घरी नेऊन वाचायचे. मी काम शिकले ते बरंचसं त्या खोडलेल्या पानांवरून."

धाकटीने चहा संपवला, बायकोशी विणकामाबद्दल बोलली आणि गेली. "कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा," एवढंच ती दारात म्हणाली. "चित्रपट तुमचा आहे."

मास्तर खिडकीशी जाऊन बसले. बायको दिवा लावायला आली तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, मी लिहितो तेव्हा कसा असतो? खरं सांग."

"शहाण्यासारखा," बायको म्हणाली. "हळू बोलता. मी काही सांगितलं तर ऐकता. भांडं पडलं तरी ओरडत नाही. मग शूटिंग सुरू होतं, आणि घरात दुसराच कुणीतरी यायला लागतो."

"आणि तो तुला आवडत नाही?"

"त्याचं कौतुक करायला सगळं जग होतं. मी लग्न केलं ते लिहिणाऱ्याशी. हा दुसरा मागाहून आला."

ती हे हसत म्हणाली, पण मास्तरांना ते लागलं. चौदा चित्रपटांत त्या लिहिणाऱ्याने आणखी काय काय बघून ठेवलं असेल, आणि आपण खिशातल्या खडूने त्याच्यावर रेघा ओढल्या असतील! आता ते शोधून मिळणार नव्हतं. चित्रपट झाले ते झाले. चांगलेही झाले होते, हे त्यांना ठाऊक होतं. उगाच स्वतःला झोडपून घेण्यात त्यांना कधी गोडी नव्हती. पण हा एक अजून हातात होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संकलकाला लिफ्टमधला शॉट लावायला सांगितला. मग नटाला फोन केला, कारण ही बातमी त्याला दुसऱ्या कोणाकडून कळणं बरं नव्हतं.

"माझं तोंड काढलं?" नट ओरडला. "अख्ख्या चित्रपटात तोच तर माझा प्रसंग! मग उरलं काय माझं?"

"आवाज," मास्तर म्हणाले. "येऊन बघ. बघितल्यावरही वाईट वाटलं तर मला शिव्या दे."

नट आला, बघितलं, चष्मा पुसला. "शिव्या देणारच आहे," तो म्हणाला, "पण आज नाही."

श्रेयनामावलीत दिग्दर्शनात आपल्या नावाखाली धाकटीचं नाव घालायचं मास्तरांनी ठरवलं. तिने साफ नकार दिला. दोघांची चांगलीच जुंपली, आणि शेवटी निर्मातीने मधे पडून ‘लिफ्टच्या प्रसंगाचं दिग्दर्शन’ अशी वेगळी ओळ घातली. धाकटी महिनाभर फुगून होती.

चित्रपट चार आठवडे चालला. फार नाही, कमी नाही. वर्षअखेरीच्या पुरस्कारांत दिग्दर्शनाचा मान एका तिशीतल्या पोराने नेला. मास्तरांनी त्याचा चित्रपट पाहिला होता. पोरगं लायक होतं. मग पटकथेसाठी नाव पुकारलं गेलं, आणि मास्तर जागचे हललेच नाहीत. बायकोने कोपराने ढोसलं, "अहो, तुम्हीच." मंचावर त्यांना काय बोलावं ते कळेना. एवढ्या वर्षांची भाषणांची सवय, पण सगळी त्या दुसऱ्याची. "ज्याला हे मिळायचं होतं तो घरीच असतो," ते म्हणाले. "त्याला नेऊन देतो." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

त्यानंतर पंधरवड्याने धाकटी घरी आली. बसायच्या आधीच म्हणाली, "मला एक चित्रपट लिहून हवाय. दोन भावांची गोष्ट आहे. लिहाल?"

मास्तरांनी आजवर दुसऱ्या कोणासाठी अक्षरही लिहिलं नव्हतं. "आणि शूटिंगच्या वेळी मी कुठे बसायचं?"

"घरी."

"सेटवर यायचंच नाही?"

"पहिल्या दिवशी या. डबा घेऊन या, जेवा आणि जा."

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. मास्तर म्हणाले, "हा शुद्ध अपमान आहे," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले.

दीड महिन्याने पहिला खर्डा गेला आणि आठवड्यात परत आला. पाठोपाठ धाकटीचा फोन.

"दुसरा प्रसंग लांबलाय."

"लांबला नाही. संथ आहे."

"मास्तर, थोरला भाऊ पानंच्या पानं बोलतोय. त्याला दुःख झालंय हे मला कळलंय. आता त्याला गप्प करा."

"तो गप्प बसला तर धाकट्याला कळणार कसं?"

"तेच तर तुम्ही शोधायचं. मी नाही. मी फक्त दिग्दर्शक आहे."

मास्तरांनी फोन आपटला. घरभर दोन फेऱ्या मारल्या. धाकटीला शिंगं फुटलीत, असं बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. बायकोने मटारच्या शेंगा सोलता सोलता विचारलं, "भाऊ गप्प बसून काय करेल मग?"

मास्तर थांबले. "काय करेल?"

"मला काय विचारता? माझा भाऊ रागावला की अंगण झाडायला घ्यायचा. झाडलेलंच पुन्हा."

मास्तरांनी टेबलाशी जाऊन पेन्सिल उचलली आणि थोरल्या भावाचं सगळं बोलणं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सावकाश खोडून टाकलं.