उपासाचा पाहुणा

सदाशिवराव गुरुजींना शब्दांचं भारी वेड. नेरच्या वाचनालयात त्या दिवशी त्यांनी 'पाहुणा' या एका शब्दावर तासभर सभा बांधून ठेवली. "संस्कृतातला प्राघूर्ण, म्हणजे भटकत आलेला. झिजत झिजत तो आपल्याकडं पाहुणा झाला, हिंदीत पाहुना, राजस्थानात पावणा, गुजरातेत परोणो. बिहारात तर जावयालाच पाहुन म्हणतात! भाषा बदलल्या, पण दारी आलेल्याला जात विचारायची नाही, हे कुठंच बदललं नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते डोमाजी. निवृत्त कंडक्टर, गुरुजींचे रोजचे फिरायचे सोबती, घर बौद्धवस्तीत. फिरून आल्यावर त्यांच्या ओसरीत बसणं व्हायचं. डोमाजींची बायको इंदूबाई ताट वाढायला उठल्या की गुरुजी पोटावर हात ठेवत, "वहिनी, आज उपास हाय." सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सोयीनं काहीही चाले. साप मरे अन् काठीही तुटत नसे. वर गुरुजी स्वतःला सुधारलेला माणूस समजत, ते वेगळंच.

भाषण संपलं आणि मागच्या खोलीत निवडक पाहुण्यांची पंगत बसली. गुरुजींनी पुरीचा घास श्रीखंडात बुडवला, तोच दारात इंदूबाई दिसल्या. हातात स्टीलचा डबा.

"गुरुजी, आज गुरुवार. तुमचा उपास असन म्हणून भगर करून आणली. शेंगदाण्याची आमटी बी हाय…" बोलता बोलता त्यांची नजर ताटावर गेली.

"उपास?" शेजारी बसलेले वाचनालयाचे अध्यक्ष कौतुकानं हसले. "अहो बाई, आमचे गुरुजी उपासतापास मानतच नाहीत! जन्मात एक केला नाही त्यांनी."

इंदूबाईंना आधी उमजलं नाही. मग सगळंच उमजलं, इतक्या वर्षांचं. "असं व्हय," एवढंच म्हणून त्या वळल्या.

गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शरमेनं कानशिलं तापली. ते खरकट्या हातानंच उठून बाहेर आले. पायरीवर नवरा-बायको डबा उघडून बसली होती. ज्यांच्या घरात उपास कोणी धरत नव्हतं, ती दोघं उपासाची भगर खात होती.

"मले ठावं होतं, गुरुजी," डोमाजी मान वर न करता म्हणाले. "तिले नव्हतं."

गुरुजींनी हात पुढं केला. "वहिनी, मले… थोडीशी वाढता का?"

इंदूबाईंनी त्यांच्या हाताला लागलेल्या श्रीखंडाकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"तुमचं ताट वाढलेलं हाय, गुरुजी. जा. पाहुण्यानं ताटावरून उठू नाही."