दुरुस्ती

परराष्ट्र खात्यात दुभाषी म्हणून तिला बावीस वर्षं झाली होती. नदीपलीकडच्या देशाला जाणारं प्रत्येक पत्र तिच्या हाताखालून जायचं. एकेका शब्दावर दोन-दोन दिवस खल चालायचा. नवे मंत्री आले आणि पत्रंच बंद पडली. साहेब गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर लिहून मोकळे व्हायचे.

त्या मंगळवारी त्यांनी लिहिलं, ‘सीमेवरच्या कुरापती बघून आमचा संयम सुटत चालला आहे.’ मोबाईलमधल्या भाषांतराच्या यंत्राने पलीकडच्या भाषेत त्याचं काय केलं ते तिने वाचलं. ‘आमचा संयम संपला. आता सीमेवर बघून घेऊ.’

आई महिनाभर ताईकडे, पलीकडेच होती. शुक्रवारी परतायची होती.

दुरुस्ती लिहून ती सचिवांकडे धावली. “साहेबांना विचारल्याशिवाय मी कसा हात लावू?” ते म्हणाले. साहेब विमानात होते. ते उतरेपर्यंत पलीकडच्या पंतप्रधानांनी सवाई उत्तर ठोकलं होतं आणि नदीवरचा पूल बंद झाला होता.

“सर, तुम्ही असं लिहिलेलंच नाही,” ती मंत्र्यांना म्हणाली. “दोन ओळींचा खुलासा केला तर...”

मंत्री मोबाईलवर बोट फिरवत होते. “लोकांनी कसं डोक्यावर घेतलंय बघा! आता खुलासा केला तर शेपूट घातलं म्हणतील. उलट यंत्राने लिहिलंय तेच खात्याच्या कागदावर लिहून द्या. तुमच्या भाषांतरात खोट नसते म्हणे.”

तिने लिहून दिलं. त्यात खरंच खोट नव्हती.

संध्याकाळी ताईचा फोन आला. “अगं, सकाळी आम्ही म्हटलं, मोबाईलवरचं काय मनावर घ्यायचं! पण आता टीव्हीवर सरकारी पत्रच वाचून दाखवलं. कोणी लिहिलं गं असं?”

मागून आई विचारत होती, “शुक्रवारची बस सुटेल ना गं?” तेवढ्यात फोन तुटला. पलीकडे इंटरनेट, फोन, सगळंच बंद केलं होतं. दुसऱ्या दिवशी तोफा सुरू झाल्या.

सात आठवड्यांनी ताईचा निरोप आला. आईची औषधं पूल ओलांडून येईनात; तिसऱ्याच आठवड्यात ती गेली होती.

निरोप वाचला तेव्हा ती कचेरीत होती. सचिव तिला हाका मारत होते. साहेबांनी पुन्हा काहीतरी लिहिलं होतं.